मदतीचं हेलिकॉप्टर उतरवायचंय? मैदान असं तयार करा

पूर आला, दरड कोसळली, रस्ता तुटला की मागणी जाते: "लष्कराचं हेलिकॉप्टर पाठवा." पहिली गडबड इथेच होते. आपत्तीत सैन्यदलं नागरी प्रशासनाच्या बोलावण्यावरून येतात, आणि परदेशी सैन्याच्या मदतीबद्दल १९९४ची ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की ती शेवटचा पर्याय म्हणूनच मागावी. म्हणून मागणीत यंत्राचं नाव नको, गरज लिहा. किती माणसं अडकली आहेत, किती जणांना झोपवूनच न्यावं लागेल, कुणाला बाळंतपणाच्या कळा सुरू आहेत का, पायी बाहेर पडता येतं का. हे कळलं की हेलिकॉप्टर पाठवायचं, बोट पाठवायची की पूल बांधणारी तुकडी, ते ठरवायला सैन्यदलांची माणसं बसलेली असतात.

ठिकाण कळवताना अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीचे आहेत ते स्पष्ट सांगा. २०.३० अंश आणि २० अंश ३० मिनिटं या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांच्यात सुमारे २२ किलोमीटरचं अंतर पडतं. वायरलेसवर आकडे एकेक करून वाचा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या.

मागणीत वजनाचंही भान हवं. ५०० माणसांना रोज प्रत्येकी ३ लिटर पिण्याचं पाणी म्हणजे दीड टन, आणि हा दीड टन रोज उडवावा लागेल. तेवढंच पाणी जागेवर शुद्ध करायला २० लिटरला एक या मापाच्या क्लोरीनच्या ७५ गोळ्या पुरतात, त्या खिशात मावतात. (पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, फडक्यातून गाळून घ्यायचं, नाहीतर गोळीचा जोर गाळातच संपतो.) जवळ कुठलंही गोडं पाणी असेल तर बाटल्या मागू नका.

जागा

एमआय-१७ सारख्या मध्यम हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास २१ मीटरच्या वर असतो. त्यासाठी ५० गुणिले ५० मीटर मोकळी जागा धरा. दोन पंख्यांचं चिनूक टोकापासून टोकापर्यंत ३० मीटर भरतं, त्याला ८० गुणिले ८० द्या. १०० मीटरला ५ मीटरपेक्षा जास्त उतार असेल तर दुसरी जागा शोधा. माती तपासायला भरलेली जीप मैदानावरून फिरवा. चाक रुतलं तर तसं कळवा. वैमानिक चाकांवर पूर्ण भार न टाकता काम उरकू शकतो, पण तो निर्णय त्याचा.

मोकळी जागा म्हणजे फक्त जमीन नव्हे. हेलिकॉप्टर लिफ्टसारखं सरळ खाली येत नाही, ते तिरकं येतं आणि तिरकंच जातं. येण्या-जाण्याच्या बाजूला १० मीटर उंच झाड असेल तर ते मैदानाच्या कडेपासून किमान १०० मीटर लांब हवं. सगळ्यात वाईट विजेच्या तारा. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. वीज बंद असली तरी तारेची दिशा आणि अंतर कळवाच, खांबाला भडक कापड गच्च बांधा. वाऱ्याची दिशाही सांगा, कारण उतरणं वाऱ्याच्या सामोरंच होतं. एका काठीला फडकं बांधून ती कडेला रोवली की पुरे.

मग झाडू घ्या. पंख्याखालचा वारा झाडाच्या फांद्या मोडतो. आपत्तीनंतर आसपास पडलेले छपराचे पत्रे, ताडपत्र्या, रिकाम्या पिशव्या, दोऱ्या हे सगळं हवेत उठतं, माणसांना लागतं किंवा पंख्यात ओढलं जातं. पत्रे नुसते बाजूला सारून भागत नाही, त्यांच्यावर दगड ठेवा. भूकंपानंतर तडे गेलेल्या भिंतीजवळ तर मैदान निवडूच नका. धुळीची जमीन असेल तर उतरण्याआधी भरपूर पाणी मारा. शेवटच्या काही मीटरांत धुळीचा लोट उठला की वैमानिकाला जमीनच दिसत नाही.

मध्यभागी इंग्रजी एच काढायचा. कोरडा चुना वापरू नका, तो उडून डोळ्यांत जातो. पाण्यात कालवून ओता किंवा रंग लावा. कापडाचा एच करायचा झाला तर प्रत्येक टोक आणि मधले सांधे खुंट्यांनी पक्के ठोका. रात्री काम असेल तर दिव्यांचा झोत कायम जमिनीकडे. वर टॉर्च दाखवणं म्हणजे रात्री बघायचा चष्मा लावलेल्या वैमानिकाला आंधळं करणं.

माणसं

लोकांना एकाच बाजूला, किमान ५० मीटर मागे, खाली बसवा. इशारे करायला एकच माणूस, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी नाही. मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, वाय अक्षरासारखे. नको असेल तर एक हात वर, एक खाली. प्रत्येकजण उत्साहाने हात हलवू लागला की वरून संकटात कोण आणि टाटा करतंय कोण, काही समजत नाही. ड्रोन कुणीही उडवायचा नाही. त्या एका ड्रोनपायी हेलिकॉप्टर परत फिरू शकतं.

उतरल्यावर क्रूने हात दाखवेपर्यंत कुणी हलायचं नाही. "मागून कधीच जाऊ नका" हा सल्ला शेपटीच्या पंख्यामुळे बरोबर आहे, पण चिनूकमध्ये चढायचं मागच्या फळीवरूनच, आणि एमआय-१७ चा माल मागच्या दारांतूनही चढतो. त्यामुळे पाठांतर बाजूला ठेवा, क्रू बोट दाखवेल तीच वाट. उतारावर वरच्या बाजूने कधीच जवळ जायचं नाही, तिथे पंखा डोक्याशी येतो. स्ट्रेचर कमरेच्या उंचीवर, सलाइनचा दांडा खाली.

पंखा बहुधा फिरताच राहतो, म्हणून जमिनीवर वाया गेलेलं प्रत्येक मिनिट इंधन खातं. पोती-खोकी २५ किलोच्या आत बांधा, वजन वर मोठ्या अक्षरांत लिहा, उतरवायला माणसांची साखळी आधीच उभी करा. जाणाऱ्यांची यादी नाव, वय, वजन, सामान अशी दोन प्रतींत ठेवा. एक प्रत क्रूकडे, एक तुमच्याकडे. यादीशिवाय पाठवलेलं मूल कुठल्या छावणीत गेलं ते शोधायला दिवस जातात. जड फेऱ्या सकाळी मागा. दुपारी हवा तापून विरळ होते आणि तेच हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. उंच डोंगरावर हा फरक आणखी वाढतो.

उतरायला जागाच नसेल तर विंच येते, म्हणजे हवेत थांबलेल्या हेलिकॉप्टरमधून दोर सोडून माणसाला वर ओढून घेणारं यंत्र. खाली येणाऱ्या हुकाला लगेच हात लावू नका. आधी तो जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या, नाहीतर त्यात साठलेल्या स्थिर विजेचा झटका बसतो. दोर झाडाला किंवा खांबाला कधीही बांधायचा नाही, हेलिकॉप्टरच तिथे जखडलं जातं. पट्टा काखेखाली आला की हात खाली आणि कोपर अंगाशी घट्ट. घाबरून हात वर केले की माणूस पट्ट्यातून सरकून खाली पडतो.

प्रत्येक उड्डाणानंतर मैदान पुन्हा पायी फिरून तपासा, नवे पत्रे सुटलेले असतात. आणि रस्ता सुरू झाला की मैदान बंद केल्याचं कळवा, एच पुसून त्या जागी मोठा एक्स काढा. उतरण्याच्या जागेवर एक्सचा अर्थ "बंद" असा होतो. गंमत म्हणजे छतावर किंवा माळावर अडकलेल्यांनी काढलेला एक्स "वैद्यकीय मदत हवी" असं सांगतो. म्हणून मैदान चालू असेपर्यंत एचच्या आसपास हे अक्षर कुणालाही काढू देऊ नका.