बाळाला सर्दी झाली की श्वास मोजा

माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिला सर्दी झाली. दोन दिवस नुसतं नाक गळत होतं. तिसऱ्या रात्री दूध ओढता ओढता ती सारखी थांबायला लागली. दोन घोट, की दम. मी आपली कपाळाला हात लावून ताप बघत बसले. सकाळी दवाखान्यात नर्सबाईंनी झबलं वर केलं आणि हातात घड्याळ घेऊन मिनिटभर गप्प उभ्या राहिल्या. 58 श्वास. मला तेव्हा मोजता येत असतं तर मी रात्रीच निघाले असते.

मूल झोपलेलं किंवा शांत असताना मोजा. रडताना किंवा दूध पिताना आकडा फसवा येतो. छाती-पोट उघडं करा आणि नजर पोटावर ठेवा. वर गेलं, खाली आलं, हा एक श्वास. पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास मध्येच रेंगाळतो आणि मग भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. पुन्हा एकदा मोजा आणि तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर मोजत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. दूध निम्म्यावर आलं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सियस ताप आला, तरी थांबू नका.

माझ्या मुलीला आरएसव्ही, म्हणजे श्वसनमार्गाच्या एका विषाणूचा संसर्ग, झाला होता. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो एकदा तरी होतो. बहुतेकांचं सर्दीवर भागतं. काहींच्या मात्र फुफ्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सर्वात जास्त असतो, म्हणून पहिल्या दिवशी बाळ बरं दिसलं तरी गाफील राहू नका. कुत्रं भुंकल्यासारखा खोकला असेल तर बहुधा पॅराइन्फ्लुएन्झा नावाचा दुसरा विषाणू. राइनोव्हायरस, फ्लू आणि मेटान्यूमोव्हायरसही असतातच. हे सगळे विषाणूच, म्हणून यांतल्या एकावरही अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांनी ते दिलं नाही म्हणून मी तेव्हा नाराज झाले होते; कृपा करून तुम्ही हट्ट धरू नका.

घरी करायचं ते एवढंच. बाळ दूध पिताना श्वास नाकानेच घेतं, म्हणून पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, थेंब नाकात घालून नाक मोकळं करा. एका वेळी थोडं पाजा, पण जास्त वेळा पाजा. खोकल्याचं औषध मनाने देऊ नका आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. घरात कुणालाही धूम्रपान करू देऊ नका.

एका कागदावर वेळ, श्वासांचा आकडा, किती दूध गेलं आणि किती लंगोट ओले झाले, एवढं लिहीत जा. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तो कागद समोर ठेवा.