फोडणीच्या आधी आईचा वाटा

ऑफिसातून घरी पोचायला साडेसहा होतात आणि आठच्या आत आईला जेवण हवं. रात्रीची मधुमेहाची गोळी जेवणाशी बांधलेली, त्यामुळे 'आज जरा उशीर' चालत नाही. बायकोची दुपारपाळी असते. आई कवळी लावत नाही, तिला मीठ कमी सांगितलंय, आणि मुलाला तिखट-कुरकुरीत काहीतरी लागतं. दोन स्वयंपाक करायचे तर मग झोपायचं कधी? म्हणून आमचा कायदा एकच: भांडं एक, आणि फोडणी पडायच्या आधी आईचा वाटा बाजूला.

सुरुवात खिचडीपासून करा. तांदूळ पाऊण वाटी, पिवळी मूगडाळ सव्वा वाटी (साखरेचा त्रास असेल तर डाळच वरचढ हवी), वाटीभर किसलेला दुधी, हळद, हिंग, सात वाट्या पाणी. मूगडाळ भिजवली नाही तरी अडत नाही. पाच शिट्ट्या. मीठ कुकरात घालायचं नाही, एकदा पडलं की ते काढता येत नाही. वाफ जिरली की आईपुरती खिचडी काढून पळीने घोटायची आणि गरम पाण्याने सैल करायची. वाढताना जरा पातळच वाटली पाहिजे, कारण ताटात ती घट्ट होत जाते. वर तूप-जिरं, बोटाच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ. कुकरात उरलेल्या खिचडीवर मोहरी, लसूण, कढीपत्ता, सुकी मिरची, शेंगदाणे अशी चरचरीत फोडणी ओता, की झाली वघारेली खिचडी. सोबत कढी असेल तर आईची वाटी गूळ पडायच्या आधी भरायची. बडोद्याची कढी गुळाशिवाय होत नाही, निदान आमच्या घरी तरी.

आठवड्यातून एकदा सेव-उसळ. बडोद्यात राहून ती बाहेरच खायची असते असं लोकांना का वाटतं कोण जाणे. घरी ती खिचडीइतकीच सोपी आहे. पांढरे वाटाणे सकाळी निघताना भिजत घाला, उन्हाळ्यात पातेलं फ्रीजमध्येच ठेवा, नाहीतर संध्याकाळी वास येतो. एक बटाटा, हळद, हिंग घालून सात-आठ शिट्ट्या. आईचे वाटाणे मी पुरणाच्या चाळणीतून काढतो. सालं चाळणीत राहतात आणि खाली लोण्यासारखा गर पडतो. त्यात आल्याचा रस, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मिठाची उणीव लिंबू बरीच झाकतं. आमच्यासाठी तर्री वेगळ्या कढईत: तेल जरा सढळ, कांदा, लसूण, लाल तिखट, गरम मसाला. वर जाड शेव, कांद्याची पात, पाव. शेव बघून आई हात पुढे करते. दोन काड्या मी देतो, त्या ती रश्श्यात विरघळवून खाते.

कुकर घासायलाही अंगात त्राण नसेल त्या दिवशी उकड. इथे फोडणी आधीच लागते, म्हणून ती फक्त जिरं-हिंगाची ठेवायची. वाटीभर तांदळाचं पीठ आंबट ताकात कालवून त्यावर ओता, ताक-पाणी मिळून अडीच-तीन वाट्या, आणि मंद आचेवर ढवळत राहा. नंतर झाकण ठेवून पाच मिनिटं. लसूण-मिरचीचं तेल वेगळं, ज्याने त्याने वरून घ्यावं. समोरच्या बेन आग्रहाने खिचू, म्हणजे तांदळाच्या पिठाची गुजराती उकड, पाठवतात, पण त्यात पापडखार, म्हणजे पुन्हा सोडियमच. तो आम्ही दोघे बापलेक संपवतो. कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

पाणी पितानाच ठसका लागत असेल तर नुसतं अन्न मऊ करून भागत नाही. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जायची भीती जास्त असते. किती दाट द्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा. ठसका असो-नसो, भरवताना पाठ सरळ हवी आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

उरलेली खिचडी ओट्यावर रात्रभर ठेवू नका. तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम. वाटाणे मात्र दुप्पट शिजवा, निम्मे मीठ न घालता फ्रीजरमध्ये. थंडीत खंडेराव मार्केटातून तुवेरच्या, म्हणजे तुरीच्या, ओल्या शेंगा आणतो, त्या सोलायचं खातं आईकडे. किडका दाणा ती शेंग उघडायच्या आत ओळखते. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून एकेका जेवणापुरत्या पिशव्या. पिशवीवर तारीख लिहा, नाहीतर जुन्या तळाशी राहतात.