बागेचं कार्बन क्रेडिट : सहीआधी काय तपासाल

आंबा-काजूच्या बागेसाठी कार्बन क्रेडिटचा करार घेऊन कोणी दारात आलं, तर पैसे किती हे नंतर विचारा. आधी विचारा : हा पैसा आला नसता, तर या जमिनीत काय झालं असतं?

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि तोही या पैशामुळेच कमी झालेला. धूर सोडणाऱ्या कंपन्या आपल्या धुराच्या बदल्यात असं क्रेडिट विकत घेतात. पंचवीस वर्षांची हापूसची कलमं तुम्ही फळासाठी लावलीत, फळासाठीच राखणार. त्यांच्यावर क्रेडिट काढलं, तर ते घेणारी कंपनी धूर तेवढाच सोडते आणि कागदावर निर्दोष ठरते. ही फसवणूकच आहे. खारफुटीचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशाने तिची तोड राज्यभर बंद आहे, म्हणून ‘आम्ही तोड थांबवली’ या दाव्यात दम नाही. उजाड खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) किंवा पडीक वरकस जमिनीत नवी रोपं जगवली, तर गोष्ट वेगळी.

आकडा स्वतः पडताळा. झाडाचं सुकं वजन गुणिले ०.४७ म्हणजे कार्बन, त्याला ३.६७ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. हजार किलो सुक्या वजनाच्या झाडात सुमारे १.७ टन, तेही इतक्या वर्षांत साठलेले. काजूचं एक कलम वर्षाला टनभर देईल असं कोणी सांगितलं, तर बोलणं तिथेच थांबवा.

मग प्रकल्पाचा क्रमांक मागा. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या नोंदवह्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. प्रकल्प ‘नोंदणीकृत’ आहे की अजून ‘विकासाधीन’, आणि हद्दीत तुमचं गाव आहे का, ते पाहा. मात्र नोंदणी झाली म्हणजे सगळं खरं, असं नाही. व्हेराच्या वर्षावन-संरक्षणाच्या क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून जास्त बहुधा पोकळ आहेत, असं जानेवारी २०२३मध्ये गार्डियनसह काही माध्यमांच्या शोधपत्रकारितेत निघालं. व्हेराने ते नाकारलं. मुख्य आक्षेप होता तो जंगलतोडीचा धोका फुगवून धरल्याचा; धोका मोठा दाखवला की ‘वाचवलेलं’ जंगल आणि क्रेडिटही कागदावर वाढतात.

करारात सगळ्यात जपायची बाब म्हणजे मुदत. तीस-चाळीस वर्षं झाड उभं ठेवायचं वचन कोकणात जड आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी एका दिवसात आडव्या केल्या, आणि काजूच्या बागांत उन्हाळ्यात वणवे लागतात. झाडं गेली तर नुकसान राखीव क्रेडिटमधून (अशा वेळेसाठी प्रकल्पांनी बाजूला ठेवलेल्या साठ्यातून) भरणार की तुमच्याकडून वसूल करणार, हे लेखी घ्या. जुन्या आंब्याच्या पुनरुज्जीवन छाटणीची मुभाही स्पष्ट लिहून हवी.

हिस्सा ‘नफ्यावर’ नको, ‘विक्रीच्या रकमेवर’ हवा. मोजणी, पडताळणी, दलाली वजा केल्यावर नफा उरेलच असं नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढणार नाही, हे कलम घाला. सामाईक जमीन असेल, तर मुंबईकर भावंडांसह सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतील. कराराची मराठी प्रत हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम घेऊ नका.