अक्षर नव्हे, आवाज: भाषाविज्ञानाच्या पेपरात या चुका टाळा

एम. ए. मराठीची किंवा सेट-नेटची तयारी करणारी बरीच मुलं भाषाविज्ञान पाठांतरावर काढू बघतात. व्याख्या तोंडपाठ असतात, पण उदाहरण मागितलं की गाइडमधलंच येतं, तेही बहुधा इंग्रजीतलं ‘पिन-बिन’. उरणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मुलांनी तरी असं करू नये. आगरी, कोळी, संगमेश्वरी, चित्पावनी, दालदी, मालवणी असं सगळं एका किनारपट्टीवर ऐकू येत असताना उदाहरणांची टंचाई कसली? खरी अडचण वेगळीच आहे. उत्तर लिहिताना आपण भाषा ऐकत नाही, तिची देवनागरी वाचतो. खालच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

वर्ण म्हणजे स्वनिम असं धरून चालणं

स्वनिम म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारा आवाज. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यातला ज दंततालव्य आहे, दुसऱ्यातला तालव्य. लिहिताना अक्षर एक, उच्चार दोन आणि अर्थही दोन. म्हणजे एका अक्षरामागे दोन स्वनिम आहेत. आता उलटं बघा. ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर वेगळे दिसतात म्हणून पुष्कळ जण ते न्यूनतम युग्म (एकाच आवाजाच्या फरकाने अर्थ बदलणारी जोडी) म्हणून ठोकून देतात. बहुतेकांच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. त्यामुळे ते शुद्धलेखनाचं उदाहरण झालं, स्वनिमाचं नाही. श आणि ष यांचंही तेच.

‘काल-काळ’, ‘माल-माळ’, ‘मन-मण’ ही युग्मं चांगली आहेत, पण ती कोणत्या बोलीतली हे लिहायला विसरू नका. आगरीत ळ च्या जागी ल आणि ण च्या जागी न येतो. तिथे रंगाने ‘काळा’ आणि गोपाळकाल्यातला ‘काला’ कानाला एकच. म्हणून ‘ल आणि ळ हे मराठीचे दोन स्वनिम आहेत’ हे विधान प्रमाण मराठीपुरतं बरोबर आहे, आगरीला लावलं की चुकलं. स्वनिम हा त्या त्या भाषाव्यवस्थेचा घटक असतो. तो आकाशातून पडलेला आवाज नव्हे.

परिपूरक विनियोग आणि मुक्त परिवर्तन यांची अदलाबदल तर दरवर्षीची. ‘बंदर’ म्हणताना अनुनासिकासाठी जीभ दातांमागे टेकते, ‘रंग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जातो. एकाच्या जागी दुसरा येत नाही, जागा वाटून घेतलेल्या आहेत. हा परिपूरक विनियोग. त्याच जागी दोन्ही स्वन (आवाज) येऊ शकतात आणि तरी शब्द बदलत नाही, ते मुक्त परिवर्तन. वस्तुनिष्ठ प्रश्नात यावर एक सापळा हमखास असतो. इंग्रजीत ‘ह’ अक्षरावयवाच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, म्हणजे सिलॅबलच्या) सुरुवातीला येतो आणि ‘ङ’ शेवटाकडे. दोघांची गाठ कधीच पडत नाही, मग ते एकाच स्वनिमाची स्वनांतरं, म्हणजे वेगवेगळे उच्चार, का नाहीत? कारण नुसता विनियोग पुरत नाही, उच्चारसाम्यही लागतं. ही दुसरी अट उत्तरपत्रिकेत क्वचितच दिसते.

रूपिम मोजायचे सोडून अक्षरं मोजणं

इथे सर्वांत जास्त गुण जातात, म्हणून जरा थांबू. रूपिम म्हणजे भाषेतला अर्थ असलेला सर्वांत लहान तुकडा.

‘हापूस’ या शब्दात रूपिम किती? ‘हा’ आणि ‘पूस’ असे दोन लिहिणारे असतात. त्याहून हुशार मंडळी अफोन्सो द अल्बुकर्कचं नाव आणि पोर्तुगीज व्युत्पत्ती सांगून पान भरतात. माहिती खरी आहे, पण प्रश्न तो नाही. आजच्या मराठीत ‘हापूस’चे अर्थपूर्ण तुकडे पडत नाहीत, म्हणून रूपिम एक. अक्षरावयव दोन असले म्हणून काय झालं! व्युत्पत्ती हा कालक्रमिक (काळानुसार झालेल्या बदलांचा) अभ्यास आणि रूपिम पाडणं हा एककालिक (एका वेळच्या भाषेचा). ही दोन खाती एकत्र केली की उत्तर लांबतं आणि चुकतंही.

आता ‘आंबे’. इथेही अक्षरावयव दोनच, ‘आं’ आणि ‘बे’. रूपिमही दोन आहेत, पण तुकडा तिथे पडत नाही. तो पडतो ‘आंब्’ आणि ‘ए’ असा. व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात बांधले गेल्यामुळे देवनागरी ही फट झाकून टाकते. म्हणून रूपिम पाडताना आधी शब्दातले स्वन सुटे लिहा, मगच रेघ मारा.

‘मासा’ हा शब्द तर परीक्षकाला द्यावा असाच आहे. मासा, मासे आणि मग माशाला, माशाचं. स चा श झाला. म्हणजे या प्रकृतीची (मूळ शब्दाची) ‘मास्’ आणि ‘माश्’ अशी दोन रूपिकांतरं (एकाच रूपिमाची बदलती रूपं) आहेत, आणि दुसरं येतं सामान्यरूपात. ‘पैसा-पैशाला’, ‘ससा-सशाला’ हेही त्याच वळणाने जातात, तेव्हा ही एका शब्दाची लहर नसून नियम आहे. ‘मासेमारी’ मात्र या रांगेत घालू नका. तो नवा शब्द घडला, तर ‘माशाला’ हे जुन्याच शब्दाचं रूप. साधन (नवा शब्द घडवणं) आणि विकार (शब्दाचं रूप बदलणं) यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवता येणार नाही.

मालवणी घरातल्या मुलांनी आणखी एक उदाहरण हाताशी ठेवावं. प्रमाण मराठीत ‘ला’ येतो तिथे मालवणीत ‘घराक’, ‘शाळेक’ होतं, पण ‘माका’, ‘तुका’, ‘आमका’. प्रत्यय एकच, रूपिकांतरं दोन: ‘क’ आणि ‘का’. आता त्यांची अट लिहा. ‘सर्वनामाला का लागतो’ असं लिहिलंत तर ‘कोणाक’ आडवं येतं. ‘मी, तू, आम्ही यांसारख्या पुरुषवाचक सर्वनामांना’ असं नेमकं लिहा.

सोस्यूर आणि चॉम्स्की यांना एकाच होडीत बसवणं

स्विस भाषावैज्ञानिक सोस्यूरची भाषाव्यवस्था म्हणजेच अमेरिकन भाषावैज्ञानिक चॉम्स्कीची भाषिक क्षमता आणि सोस्यूरचं भाषिक वर्तन (प्रत्यक्ष बोलणं) म्हणजेच चॉम्स्कीचा प्रयोग, असं समीकरण मांडू नका. सोस्यूरची भाषाव्यवस्था समाजाच्या मालकीची आहे. चॉम्स्कीने 1965मध्ये मांडलेली क्षमता एका भाषकाच्या मनातलं ज्ञान आहे. सालाचीही एक गफलत होते. सोस्यूर 1913मध्ये वारला आणि त्याची व्याख्यानं बाली व सेशए या सहकाऱ्यांनी 1916मध्ये पुस्तकरूपात आणली. ‘1916मध्ये सोस्यूरने पुस्तक लिहिलं’ हे वाक्य म्हणून टिकत नाही.

यादृच्छिकता, म्हणजे शब्द आणि वस्तू यांत नैसर्गिक नातं नसणं. पण तिचा अर्थ ‘कोणीही कशालाही काहीही म्हणावं’ असाही नाही. मुंबईच्या बाजारातली सुरमई मालवणात इसवण होते. माशाच्या अंगात दोन्हींपैकी एकही नाव नाही, ही यादृच्छिकता. पण मालवणच्या लिलावात उभं राहून तुम्ही तिला स्वतःचं तिसरंच नाव दिलंत तर व्यवहार होणार नाही, कारण चिन्ह समाजाने मान्य केलेलं असावं लागतं. दोन्ही बाजू लिहा.

बोलीला अशुद्ध ठरवणं

‘बोली म्हणजे प्रमाणभाषेचं बिघडलेलं रूप’ हे वाक्य अजूनही उत्तरपत्रिकांत सापडतं, आणि ते लिहिणाऱ्याच्या घरी बोलीच बोलतात! ‘तो इलो, ती इली, तां इलां’ यात लिंगाचा नियम प्रमाण मराठीइतकाच कडक आहे. भाषाविज्ञान वर्णन करतं, कान पिळत नाही.

मालवणी मराठीची की कोकणीची, यावर भावनेच्या भरात पानं भरू नका. जॉर्ज ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) कोकणीच मराठीची बोली म्हणून नोंदली गेली. 1992मध्ये 71व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली. या सत्त्याऐंशी वर्षांत बदलली ती मुख्यतः भाषेची मान्यता. परस्पर आकलन, बोलीसातत्य (शेजारच्या बोली हळूहळू बदलत जाणं) आणि राजकीय मान्यता हे तीन निकष वेगवेगळे मांडलेत की निम्मं उत्तर झालं.

घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी, म्हणजे डायग्लोसिया (एकाच समाजात वरचं आणि खालचं अशा दोन भाषारूपांची कामं वाटलेली असणं), असंही सर्रास लिहितात. ही संज्ञा रूढ करणाऱ्या भाषावैज्ञानिक फर्ग्युसनच्या 1959च्या मांडणीत वरचं रूप रोजच्या बोलण्यात कोणीच वापरत नाही. अरबी, ग्रीक, स्विस जर्मन आणि हैतीची क्रिओल ही त्याची उदाहरणं. प्रमाण मराठी घरात बोलणारी कुटुंबं आहेत, म्हणून ती या व्याख्येत बसत नाही. समाजभाषावैज्ञानिक फिशमनची 1967ची व्याख्या सैल आहे. ती वापरायची तर त्याचं नाव घेऊन वापरा.

थोडक्यात उरकण्यासारखं

‘कोळी जाळं विणतो’ ही शाब्दिक संदिग्धता, माणूस आणि कीटक दोघेही विणतात. ‘म्हातारे खलाशी आणि तांडेल’ ही रचनेतली, कारण तांडेल म्हातारा आहे की नाही ते कळत नाही. कर्मणी प्रयोगाला इंग्रजी पॅसिव्ह समजू नका: ‘मी कैरी खाल्ली’ यात क्रियापद कैरीप्रमाणे चालतं, एवढंच. रूपिम, रूपिका, पदिम यांपैकी एक संज्ञा निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. सेट-नेटच्या दुसऱ्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.