जुन्या घरातले नळ आणि पाइप: फुटण्याआधी काय पाहायचं

रात्री उशिरा फोन वाजला की पलीकडून काय ऐकू येणार हे मला बहुतेक वेळा ठाऊक असतं. "दादा, पाणी थांबतच नाहीये." माझा पहिला प्रश्न ठरलेला, "मेन कॉक बंद केला का?" म्हणजे घरात येणारं सगळं पाणी बंद करणारी चावी. मग पलीकडे शांतता. कॉक नेमका कुठे आहे हेच माहीत नसतं, नाहीतर माहीत असतं पण तो फिरत नाही. अठ्ठावीस वर्षं मी नळाची कामं करतोय, त्यातली निम्म्याहून अधिक जुन्या घरांतली. पाइप फुटला म्हणून जेवढं नुकसान झालेलं पाहिलं, त्याच्या कितीतरी पट नुकसान पाणी वेळेवर बंद करता आलं नाही म्हणून झालेलं पाहिलंय. एका आजींच्या घरात मेन कॉक कपड्यांच्या कपाटामागे होता. कपाट रिकामं करून सरकवेपर्यंत खोलीत घोटाभर पाणी साचलं होतं आणि त्या बिचाऱ्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

म्हणून बाकी काही करण्याआधी आजच मेन कॉक शोधा आणि फिरवून बघा. जुन्या घरात तो बहुधा गोल चाकाचा पितळी गेट व्हॉल्व्ह असतो. वर्षानुवर्षं उघडाच राहिला की आतली चकती क्षाराने जागेवर धरते. अशा वेळी पान्हा लावून हिसका देऊ नका, दांडा तुटतो आणि मग पाणी बंदही होत नाही. दांड्याच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी हाताने थोडा पुढे, थोडा मागे असं हळूहळू सोडवा. दांड्याजवळून थेंब यायला लागले तर घाबरू नका, तिथला ग्लँड नट, म्हणजे दांड्याभोवतीचा नट, पाव फेरा आवळला की बहुतेकदा थांबतात. एकदा सुटला की वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून उघडत जा, आणि पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घेऊन ठेवा, म्हणजे पुन्हा जाम होत नाही. पुढे कधी काम निघालं तर त्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, पाइपाला काटकोनात म्हणजे बंद. अंधारातही हाताला कळतं.

आता पाइपाकडे वळू. तुमच्या घरात कोणता पाइप आहे हे ओळखायला एक लोहचुंबक आणि एक जुनं नाणं पुरतं. उघडा दिसणारा पाइप नाण्याने जरासा खरवडा. चुंबक चिकटलं तर लोखंडी, म्हणजे बहुतेक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड). चिकटलं नाही आणि खरवडलेली जागा लालसर दिसली तर तांबं. चिकटलं नाही, धातू मऊ लागला आणि खरवडल्यावर चांदीसारखा चकाकला, तर ते शिसं असू शकतं. शिशाच्या पाइपाचं पाणी पिऊ नका. उकळल्याने शिसं निघून जात नाही. तो पाइप बदलणं हाच उपाय आहे.

जुन्या घरांत सगळ्यात जास्त भेटतो तो जीआय. लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो, तोवर सगळं ठीक. जस्त संपलं की आतून गंज धरतो, आणि बाहेरून पाइप अगदी ठणठणीत दिसतो. मागे एका ताईंनी बोलावलं होतं. "टाकी भरलेली, नळ नवा, मग धार का नाही?" मी एल्बोजवळचा, म्हणजे वळणाच्या जोडाजवळचा, वीतभर तुकडा कापून त्यांच्या हातात दिला. अर्ध्या इंचाचा पाइप, पण आत तपकिरी-काळ्या फोडांचे थर चढलेले, मधे जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. त्यांनी तो डोळ्याला लावून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "हेच पाणी आम्ही पितोय?" भोकाचा व्यास अर्धा झाला की पाण्याला वाट उरते चौथ्या हिश्शाची, वर खडबडीत गंजाचं घर्षण. अशा पाइपावर पंप लावून जोर वाढवणं सर्वांत धोक्याचं, कारण आतून पातळ झालेली भिंत तो दाब सोसेलच असं नाही.

पाइप आधी कुठे फुटतो? आट्यांवर. आटे पाडताना लोखंड तिथेच पातळ होतं आणि जस्तही तिथलंच निघतं. म्हणून सॉकेट, एल्बो, टी अशा जोडांच्या तोंडाशी बोट फिरवत जा. पांढरट क्षाराचा टवका किंवा तांबूस ओघळ दिसला तर तिथे झिरपणं सुरू झालंय. तो टवका खरवडून साफ करायचा मोह आवरा, कधीकधी त्यानेच भोक बुजलेलं असतं. मेन कॉक चालतोय याची खात्री करून मगच हात लावा. मी शिकाऊ असताना असाच एक निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा तुकडा, पाइप-पान्ह्याने सोडवायला गेलो आणि तो भिंतीच्या आतच मोडला. त्या घरातल्या माणसांना दोन दिवस पाण्याविना काढावे लागले. तेव्हापासून जुन्या आट्याला जोर लावताना मी नेहमी दोन पान्हे घेतो, एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने फिटिंग फिरवायचं, म्हणजे पीळ भिंतीत जात नाही.

पाण्याचा रंगही पुष्कळ सांगतो. सकाळी पहिलं पाणी तांबूस आणि थोड्या वेळाने स्वच्छ, तर गंज तुमच्या घरातल्या पाइपात. दिवसभर तांबूस, तर टाकी किंवा बाहेरून येणारी लाइन बघा. फक्त गरम पाणीच तांबूस असेल तर गीझर उघडा. त्याच्या टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, तो टाकीऐवजी स्वतः झिजतो. तो संपला की टाकी झिजायला लागते, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी तपासून बदलायचा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण तीच सगळ्यात जास्त चुकते. जुन्या पाइपाला नवा तुकडा जोडताना कोणता धातू कोणाला लागतो ते बघा. जीआयला तांबं थेट जोडलं तर लोखंड भराभर गंजतं, मधे पितळी फिटिंग किंवा इन्सुलेटेड युनियन, म्हणजे दोन धातू एकमेकांना लागू न देणारा जोड, हवं. पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने आधी तांबं आणि पुढे जीआय हा क्रम तर नकोच. प्लास्टिक घालणार असाल तर गरम पाण्याला उष्णता सोसणारा सीपीव्हीसी पाइप, साधा यूपीव्हीसी नाही. प्लास्टिकचे आटे पान्ह्याने करकचून आवळू नका. तडा लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी जातो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून येते. आणि जुन्या वायरिंगच्या घरात लोखंडी पाइपालाच अर्थिंग जोडलेलं असू शकतं. मधला तुकडा प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग तुटतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पाइप बदलण्याआधी वायरमनला एकदा दाखवाच. यात जीव जाऊ शकतो.

गळती आहे की नाही हे मीटरवर कळतं. घरातले सगळे नळ बंद करा, टाकी भरून तिच्यातली तरंगत्या गोळ्याची चावी बंद झाली असेल याची खात्री करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास पाणी वापरू नका. आकडा पुढे सरकला तर मीटर ते टाकी या लाइनमध्ये कुठेतरी पाणी जातंय. टाकीच्या खालच्या लाइनसाठी हेच टाकीत करा, पातळीवर खडूने खूण करून. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. ठिबकणारा नळ लोक महिनोन्‌महिने चालवून घेतात. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तरी दिवसाला साडेएकवीस लिटर होतात. बहुतेकदा फक्त वॉशर बदलायचा असतो. नवा वॉशर घालूनही ठिबकत असेल तर वॉशर जिथे टेकतो ती आतली बैठक झिजली आहे, ती घासून घ्यावी लागते.

नळ बंद करताना भिंतीत ठाक असा आवाज येतो? वाहतं पाणी एकदम अडतं आणि त्याचा धक्का पाइपाला बसतो. आधी पाइपाचे क्लॅम्प आवळून बघा, ढिले क्लॅम्प हेच बहुतेकदा कारण असतं.

सांडपाण्याची बाजू लोक पाणी तुंबेपर्यंत पाहतच नाहीत. बिडाचा उभा पाइप समोरून रंगवलेला असतो, पण भिंतीकडच्या बाजूला ब्रश पोचत नाही आणि तो तिथूनच गंजून उभा चिरतो. आरसा धरून मागची बाजू बघा. जमिनीखालचे मातीचे पाइप असतील तर सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरतात. दर दोन-तीन महिन्यांनी एकाच ठिकाणी तुंबत असेल तर वरवर साफ करून भागत नाही, कॅमेरा आत सोडून बघावा लागतो.

वास येत असेल तर आधी ट्रॅप बघा, म्हणजे सांडपाण्याच्या वाटेतला पाणी साठून राहणारा भाग. न्हाणीघराच्या फरशीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं, तेच खालचा वायू अडवतं. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये ते काही आठवड्यांत आटतं. आठवड्याला एक तांब्या पाणी ओतलं की झालं. लांबच्या प्रवासाला जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर तेल सोडा, वाफ कमी होते. फ्लश केल्यावर बेसिनमधून घुटघुट आवाज येत असेल तर व्हेंट पाइप, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला हवा देणारा पाइप, बहुधा चोंदलाय. गच्चीवरचं त्याचं तोंड बघा, पक्ष्याचं घरटं किंवा पानं सापडतील. साफ करून जाळीची टोपी बसवा.

तुंबलेल्या पाइपात ॲसिड ओतू नका. ते बिडाला खातं, सिमेंटच्या सांध्यांना खातं, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू होतो. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत डाग आहेत. एका घरात आधी काय ओतलंय ते कुणी सांगितलं नव्हतं, मी ट्रॅप उघडला आणि साचलेलं सगळं अंगावर आलं. ओतलंच असेल तर प्लंबरला दारातच सांगा. त्यापेक्षा आधी रबरी पंप मारून बघा. बेसिनचं ओव्हरफ्लोचं (जादा पाणी जायचं) भोक ओल्या फडक्याने बंद केलं तरच त्याचा जोर पोचतो. तेलकट भांडी कागदाने पुसून मग धुवा. गरम पाण्याबरोबर खाली गेलेलं तेल पुढे गार पाइपात गोठतं.

भिंतीला ओल आली की ती पाइपाची की पावसाची, असं सगळे विचारतात. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पाऊस नसतानाही ओल रेघेबाहेर गेली तर पाइप गळतोय असं धरा. फक्त अंघोळीनंतर वाढत असेल तर पुरवठ्याचा पाइप बहुधा ठीक आहे, फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड गेली आहे.

एकाच लाइनवर वर्षभरात तीन जागी गळती निघाली तर पुढे ठिगळं लावत बसू नका, पूर्ण लाइन बदला. आणि भिंत बंद करण्याआधी दोन कामं करून घ्या. नवी लाइन दाबाखाली ठेवून दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा उतरतो का ते स्वतः उभं राहून बघा. मग जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेपवरचे आकडे वाचता येतील असा. पुढे कुणी खिळा ठोकायला आला की आधी तो फोटो त्याच्या हातात द्या.