संभाजीनगर पाहायला येताना बेत वारावरून आखावा

छत्रपती संभाजीनगरला येणारे बरेच पाहुणे राहण्याची सोय आणि गाडी आधी ठरवतात आणि वाराचा विचार इथे उतरल्यावर करतात. वास्तविक या शहराच्या प्रवासात पहिला प्रश्न वाराचाच असतो, कारण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. दोन्ही ठिकाणे पाहण्यासाठी दोन स्वतंत्र दिवस राखून ठेवावेत. एकाच दिवसात दोन्ही उरकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर, तेही वेगळ्या रस्त्याने. त्यामुळे अशा धावपळीत निम्मा दिवस गाडीतच जातो आणि जे पाहायला आलो ते डोळ्यांखालून नुसते निघून जाते.

शनिवारी रात्री मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसने निघून रविवारी पहाटे येथे उतरणाऱ्यांसाठी सोपी मांडणी अशी की, रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी शहर पाहावे. श्रावणात मात्र हा क्रम टाळावा, कारण श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला जी गर्दी लोटते तिच्यामुळे वेरूळचा रस्ताच भरून जातो. ज्यांना रजा जुळवता येते त्यांनी बुधवार ते शनिवार असे दिवस घ्यावेत. ऋतूंपैकी कार्तिक ते माघ हे महिने सर्वांत सुखाचे असतात. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात आणि अजिंठ्याच्या दरीत वाघूर नदीचे धबधबे कोसळतात, तेव्हा निसरड्या पायऱ्यांची तयारी असेल तर तोही काळ फार सुंदर असतो. एप्रिल-मे महिन्यांत लहान मुलांना किंवा वृद्धांना घेऊन येऊ नये.

अजिंठ्याला सकाळी लवकर निघावे. खासगी गाडी फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटवर ठेवावी लागते आणि तेथून पुढे लेण्यांपर्यंत बसने जावे लागते. ज्यांना चढण झेपत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी डोलीवाले असतात. पहिल्या लेण्यात पद्मपाणी आणि वज्रपाणी यांची जगप्रसिद्ध चित्रे असल्याने सारी गर्दी तेथेच थबकते. म्हणून थेट शेवटच्या टोकाला, २६व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पाकडे जाऊन तेथून उलट येण्याचा क्रम मला अधिक सोयीचा वाटतो. आत शिरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे काहीही पाहण्याचा प्रयत्न न करता नुसते उभे राहावे, कारण प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि बाहेरच्या उन्हाला सरावलेल्या डोळ्यांना भिंत आधी काळपटच दिसते. मग रंग हळूहळू वर येऊ लागतात. चित्रे जेथे निखळली आहेत त्या कडांकडे अवश्य पाहावे. तेथे खडकावर लावलेला मातीचा गिलावा उघडा पडलेला दिसतो. त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले आहेत, त्यावर चुन्याचा पातळ हात दिलेला आहे आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर गेरू, पिवळी माती, काजळी आणि दूरदेशाहून आणलेला लाजवर्दी निळा असे रंग चढवलेले आहेत. इतक्या नाजूक थरावर फ्लॅशचा उजेड पाडू नये आणि भिंतीला हात लावू नये, हे मुलांना आत नेण्यापूर्वीच समजावून सांगावे. ९ आणि १० क्रमांकाची लेणी सर्वांत जुन्यांपैकी, म्हणजे इसवी सनापूर्वीची आहेत, तर सर्वाधिक गाजलेली चित्रे वाकाटककाळातील आहेत. मध्ये काही शतकांचे अंतर आहे हे ध्यानात ठेवले म्हणजे दोन्हींतील फरक आपोआप दिसू लागतो.

वेरूळच्या दिवसाची सुरुवात देवगिरीपासून करावी. किल्ला वाटेतच, शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे आणि चढण बरीच असल्याने ती उन्हाआधी संपवलेली बरी. यादवांची ही राजधानी मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीच्या बदल्यात निवडली, यामागचे कारण तासलेला उभा कडा, खंदक आणि ‘अंधारी’ हा काळोखा वळणदार भुयारी मार्ग पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. अंधारीत वटवाघळे असतात; विजेरी आणि चांगली पकड असलेले बूट जवळ असावेत. सगळे वर चढू शकले नाहीत तरी चाँदमिनार आणि मेंढा तोफ पाहून परतणेही सार्थकी लागते.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून दुपारनंतर तेथे प्रकाश आतपर्यंत पोहोचतो. एकूण ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. वेळ कमी असेल तर १०, १२, १६, २९ आणि ३२ ही लेणी निवडावीत. १६वे लेणे म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर कळसापासून पायाकडे कोरत आणले गेले. येथे आल्यावर आधी आत न जाता बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढावे आणि कड्यावरून खाली पाहावे (कठड्यापासून दूर राहूनच), कारण मंदिर बांधलेले नसून भोवतीचा खडक काढून टाकून मोकळे केलेले आहे ही गोष्ट वरूनच खऱ्या अर्थाने उमगते. खाली उतरल्यावर मंदिराच्या दक्षिण अंगाला रावण कैलास हलवतो ते शिल्प शोधावे: खाली त्याचे अनेक हात ताणलेले, वर घाबरून शिवाला बिलगलेली पार्वती, आणि एका पायाच्या बोटाने सारा भार दाबून धरणारा निवांत शिव. या एका शिल्पापुढे पंधरा मिनिटे थांबणाऱ्याला वेरूळ कळले असे मी म्हणेन. जैन लेणी थोडी दूर, उत्तरेच्या टोकाला असल्याने ती राहून जातात. परंतु ३२वे लेणे, म्हणजे इंद्रसभा, चुकवू नये. घृष्णेश्वराचे मंदिर जवळच आहे. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला आणि गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातील सदरा काढावा लागतो.

शहरासाठी राखलेला दिवस अनेकजण बीबी का मकबरा पाहून संपला असे समजतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. सकाळ संग्रहालयांना द्यावी. विद्यापीठ परिसराजवळच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे आणि विद्यापीठातही इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात शस्त्रे, चिलखते आणि जुनी वस्त्रे मांडलेली आहेत. सरकारी सुट्ट्या आणि वेळा निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्याव्यात. जवळच्याच डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या सावलीत ती झाकली गेली असली तरी तेथील शांतता त्या दोन्ही ठिकाणी मिळत नाही.

दुपारी पाणचक्की पाहावी आणि ती पाहताना हौदातील माशांपेक्षा पाण्याची वाट शोधावी. मलिक अंबरने वसवलेल्या या शहराला, तेव्हाच्या खडकीला, डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून पुरवले जात असे. त्याच तंत्राने आलेले पाणी येथे उंच भिंतीतून वर चढून हौदात कोसळते, आणि त्याच पाण्याच्या जोरावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की धान्य दळत असे. हौदाखाली मोठे दालन आहे. त्याचे छत म्हणजेच हौदाचा तळ. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मराठवाड्यात पंपाविना पाणी खेळवण्याची ही युक्ती प्रत्येक शाळकरी मुलाने पाहायला हवी.

बागांपैकी सिद्धार्थ उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाजवळ असून लहान मुलांसाठी सोयीचे आहे. झाडांची आवड असणाऱ्यांनी हिमायत बागेत जावे. तेथे कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र आहे. समोरच सलीम अली सरोवर आहे, हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी उत्तम. संध्याकाळी मकबऱ्यात जावे आणि भिंतीजवळ जाऊन पाहावे: संगमरवर खालच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटालाच आहे, मधल्या भिंतींवर घोटीव गिलाव्याचे काम आहे. ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडणाऱ्यांनी त्या गिलाव्यातील वेलबुट्टी जवळून पाहिलेली नसते. रात्री सामिष खाणाऱ्यांनी जुन्या शहरात नान-खलिया खावा.

चौथा दिवस हाती असेल तर दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर पैठणला जावे. सातवाहनांचे प्रतिष्ठान ते हेच. नाथांची समाधी, गोदेचा घाट आणि जायकवाडीचा नाथसागर हे सारे एका दिवसात निवांत होते; हिवाळ्यात जलाशयावर रोहित पक्षी आणि चक्रवाक येतात. फाल्गुनातील नाथषष्ठीला केवळ वारीसाठीच यावे, सहलीसाठी नव्हे. पैठणी विकत घ्यायची नसली तरी माग चालताना पाहावा. पदरावरचा मोर विणताना विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी वापरतो आणि शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवत जातो, त्यामुळे अस्सल हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. खरेदी करताना पदर उलटून पाहावा; मागे लोंबणारे सुटे धागे दिसले तर ते काम वेगळ्या पद्धतीचे आहे आणि किंमतही त्याप्रमाणेच द्यावी.

ज्यांचा परतीचा रस्ता लातूर किंवा धाराशिवकडून आहे त्यांनी तेरसाठी अर्धा दिवस काढावा. धाराशिवहून हे गाव सुमारे ३० किलोमीटरवर आहे. रोमन जगाशी व्यापार करणारे प्राचीन तगर म्हणजे हेच तेर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, आणि आज त्यांच्याच नावाने तेथे शासकीय संग्रहालय आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. संग्रहालयानंतर विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि संत गोरोबाकाकांचे मंदिर पाहावे. जेवणाची सोय मात्र धाराशिवलाच करून निघावी.