पावसातल्या रस्त्याचे जुन्या वळणाचे फोटो काढताय? या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की आपण मोबाईल काढतो, पडणाऱ्या धारांवर नेम धरतो आणि मग विचारतो, फोटो असा पांढुरका मळकट का आला. अहो, धारांच्या मागे लागूच नका, ओला रस्ता बघा. जुना अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिगलिट्झचा न्यूयॉर्कमधला 'स्प्रिंग शॉवर्स' हा फोटो घ्या, 1900-01 च्या सुमारासचा. उभट अरुंद फ्रेम, लोखंडी जाळीतलं एक बारकं झाड, शेजारी झाडू मारणारा सफाईवाला, आणि मागे गाड्या बिल्डिंगी सगळं नुसतं धूसर. बस एवढंच, पण ओल अंगाला लागते. मी तो झाडूवाला कितीदा बघितलाय, अजून मन भरत नाही.

दुसरी चूक घाईची. 1893 च्या फेब्रुवारीत हाच स्टिगलिट्झ हातातला कॅमेरा घेऊन न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तीन तास उभा होता, तेही बर्फाच्या वादळात, आणि आपण दोन मिनिटांत छत्री मिटून घरी! शिवाय त्या निगेटिव्हचा थोडाच भाग त्याने ठेवला, बाकी कापून टाकला, त्यामुळे क्रॉप म्हणजे चीटिंग हे डोक्यातून काढा.

रात्रीच्या फोटोत दिवे पांढरे फटक होऊन पसरतात ही तक्रार तेव्हाही होती. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी काचेची प्लेट असायची, प्रकाश इमल्शनमधून, म्हणजे काचेवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरातून, आरपार जाऊन काचेच्या मागच्या बाजूवरून उलटा यायचा आणि दिव्याभोवती वलय उठायचं, म्हणून प्लेटच्या पाठीला गडद लेप लावायचे. आपण काय करायचं, तर दिवा फांदीआड किंवा खांबाआड घ्यायचा आणि एक्स्पोजर खाली आणायचं, ओलं डांबर तरीही चमकतंच.

आणि प्लीज, निळा फिल्टर मारून 'विंटेज' म्हणू नका. फोटोग्राफर एडवर्ड स्टायकनच्या 1904 च्या 'फ्लॅटआयर्न' या न्यूयॉर्कमधल्या इमारतीच्या फोटोमधला तो संध्याकाळचा रंग कॅमेऱ्यातून आलेलाच नाही, प्लॅटिनम प्रिंटवर (प्लॅटिनम वापरून काढलेल्या करड्या छटांच्या प्रिंटवर) गम बायक्रोमेटचे, म्हणजे गोंदात रंग कालवून केलेले, रंगीत थर त्याने स्वतः चढवलेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच फोटोच्या एकाच निगेटिव्हचे तीन प्रिंट आहेत, तिघांचा रंग वेगळा. म्हणून आधी करडे टोन नीट जमवा, रंगाचं नंतर बघू.

एसीतून बाहेर पडल्यावर लेन्सवर वाफ धरली तर पुसत बसू नका, कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, तोवर रस्ता बघून ठेवा.